मंडपाबाहेरचा तिसरा

मराठी भाषेने तिसऱ्या माणसास फारसे प्रेमाने वागविलेले नाही. ‘दोघांचे भांडण, तिसऱ्याचा लाभ’ ही म्हण त्यास संधिसाधू ठरविते, आणि ‘तीन तिघाडा, काम बिघाडा’ ही तर त्याच्या नुसत्या येण्यासच अपशकुन मानते. परंतु याच भाषेत ‘तिऱ्हाईत’ असाही एक शब्द आहे. शेताच्या बांधाचा तंटा असो की भावाभावांतील वाटणीचा, ज्याचे म्हणणे उभय पक्षांनी ऐकून घ्यावे असा मनुष्य हवा झाला म्हणजे आपण तिऱ्हाइतासच हाक मारतो. तिसरा हा विघ्नकर्ता, की तंट्याचे खरे स्वरूप दाखविणारा, याविषयी भाषेचे मत असे दुभंगलेले आहे. आणि निवडणुकीच्या जाहीर वादसभेत दोन प्रमुख पक्षांव्यतिरिक्त इतर उमेदवारांस स्थान असावे की नसावे, हा जो प्रश्न देशोदेशी उपस्थित होतो, त्याच्या मुळाशीही हीच द्विधा वृत्ती आहे. तिसरा उमेदवार शब्दाच्या पूर्ण अर्थाने तिऱ्हाईत नसतो, हे आम्ही जाणतो. तोही मते मागावयासच आलेला असतो. परंतु पहिल्या दोघांनी आपसांत मिटविलेल्या गोष्टी त्यास मिटलेल्या वाटत नाहीत, एवढे तिऱ्हाइतपण त्याच्या ठिकाणी असते. आणि आमच्या मते वादसभेस त्याची गरज आहे ती एवढ्यासाठीच.

आपल्या देशात उमेदवारांच्या वादसभेची प्रथा अद्याप रुजलेली नाही. ती रुजावी असा एक स्तुत्य प्रयत्न २०२४ च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी झाला. ९ मे रोजी निवृत्त न्यायमूर्ती मदन लोकूर व अजित शहा आणि ज्येष्ठ संपादक एन. राम यांनी पंतप्रधान नरेंद्र मोदी व काँग्रेसचे नेते राहुल गांधी यांस जाहीर पत्र लिहून, निःपक्षपाती व्यासपीठावर परस्परांशी चर्चा करण्याचे आवाहन केले. राहुल गांधींनी आवाहन मान्य केले. चर्चा मात्र झाली नाही. लोकांनी दोन्हीकडचे आरोप ऐकले, उत्तरे ऐकली नाहीत, ही त्या पत्रातील तक्रार सर्वथा रास्त होती. लिहिणारांचा हेतु निर्मळ होता याविषयी आम्हांस यत्किंचित् संशय नाही. तरीही टीकाकाराच्या दृष्टीने त्या पत्रात एक गोष्ट डोळ्यांत भरते. पत्र लिहिणारे तिघे होते, आणि बोलाविलेले मात्र दोघेच! त्या वेळी निवडणूक आयोगाच्या यादीत राष्ट्रीय पक्ष सहा होते. राज्यपातळीवरील पक्षांची गणती निराळीच. दोन मोठ्या आघाड्यांचे हे दोन प्रमुख चेहरे, असे या निवडीचे समर्थन करता येईल व ते अगदीच निराधार नाही. परंतु ज्या संसदीय पद्धतीत प्रत्येक मतदारसंघ आपला स्वतंत्र प्रतिनिधी निवडतो, तेथे सबंध देशाचा वाद दोन व्यक्तींत सामावला असे धरून चालणे हे स्वतःच एक राजकीय मत आहे. ते मत वादात मांडले गेले नाही. वादाच्या निमंत्रणातच ते गृहीत धरले गेले.

पत्र निघाले तेव्हा आमच्या लोणारच्या मतदारांनी मतदान करून तेरा दिवस लोटले होते. लोणार हे मेहकर विधानसभा मतदारसंघात व पर्यायाने बुलढाणा लोकसभा मतदारसंघात मोडते, आणि तेथील मतदान २६ एप्रिल रोजीच उरकले होते. त्या निवडणुकीचा निकाल आमच्या प्रस्तुत विषयावर जितका प्रकाश टाकतो तितका दिल्लीतील कोणतेही पत्र टाकीत नाही. शिवसेनेचे प्रतापराव जाधव यांस ३,४९,८६७ मते पडली. शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे) या पक्षाचे नरेंद्र खेडेकर यांस ३,२०,३८८. आणि शेतकरी चळवळीतून पुढे आलेले रविकांत तुपकर यांस, कोणत्याही पक्षाचे पाठबळ नसता, अपक्ष म्हणून २,४९,९६३. पहिल्या दोघांतील अंतर २९,४७९ मतांचे होते. म्हणजे ज्या तिसऱ्यास वर्तमानपत्री भाषेत ‘इतर’ म्हणावयाचे, त्याच्या पाठीशी त्या अंतराच्या आठपटीहून अधिक माणसे उभी होती.

ही मते योग्य ठिकाणी पडली की अयोग्य, हे ठरविण्याचा अधिकार आम्हांस नाही, आणि येथे आम्ही कोणाही उमेदवाराची बाजू घेत नाही. शब्द हा मात्र साहित्याच्या अभ्यासकाचा प्रांत आहे, म्हणून अशा प्रसंगी जे शब्द सर्रास योजिले जातात त्यांचा विचार केल्यावाचून राहवत नाही. तिसऱ्याने ‘मते खाल्ली’ असे आपण म्हणतो. खाल्लेल्या वस्तूचा कोणी मूळ मालक असावा लागतो. मग मतदाराने स्वहस्ते दिलेल्या मताचा मतदाराहून निराळा मालक तो कोण? ‘मतविभाजन’ हा दुसरा शब्द. विभाजन होते ते अविभक्त मालमत्तेचे. अडीच लाख स्त्रीपुरुषांची मते आधी कोणत्या एकत्र कुटुंबाच्या सातबाऱ्यावर चढली होती, की त्यांची वाटणी झाली म्हणून कोणी हळहळावे? आणि ‘मुख्य लढत’ हा तिसरा शब्द तर आखाड्यातून आलेला. कुस्ती दोघांचीच होते. तिसरा आत आला की पंच त्यास बाहेर काढतो. एकदा निवडणुकीस कुस्ती म्हटले, की तिसऱ्यास बाहेर ठेवण्यासाठी निराळे कारण द्यावे लागत नाही. ते काम उपमेनेच परस्पर केलेले असते.

केवळ भाषाच नव्हे, नियमही तिसऱ्यास मागच्या बाकावर बसवितात. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवारास नामनिर्देशनपत्रावर एक सूचक पुरतो. अपक्षास दहा लागतात. मतपत्रिकेवर आधी मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार येतात, नंतर इतर नोंदणीकृत पक्षांचे, आणि सर्वांच्या शेवटी अपक्ष. पक्षाच्या ठराविक प्रमुख प्रचारकांचा प्रवासखर्च उमेदवाराच्या हिशेबात धरला जात नाही. अपक्षास असे प्रचारकच नाहीत. आणि आमच्या विषयाशी अगदी निकटची गोष्ट म्हणजे आकाशवाणी व दूरदर्शन. १९९८ साली आखलेल्या योजनेप्रमाणे या सरकारी माध्यमांवर निवडणुकीच्या भाषणांसाठी वेळ मिळतो तो राष्ट्रीय व मान्यताप्राप्त राज्य पक्षांस. काही वेळ सर्वांस सारखा, उरलेला मागील निवडणुकीतील मतांच्या प्रमाणात. त्या योजनेत चर्चासत्रांचीही तरतूद आहे, आणि तेथेही प्रतिनिधी पाठवावयाचे ते याच पक्षांनी. यातील प्रत्येक नियमास काही ना काही कारण आहे, आणि एकेकटा पाहिला तर कोणताही नियम अन्यायाचा वाटत नाही. परंतु ते सर्व एकत्र वाचले म्हणजे जो काल बलवान होता त्यालाच आज बोलण्यास अधिक अवसर, असा त्यांचा इत्यर्थ निघतो.

येथे कोणी विद्वान असे म्हणेल की, वाद हा स्वभावतःच दोघांचा असतो. आपल्या शास्त्रांनीही वादी व प्रतिवादी, पूर्वपक्ष व उत्तरपक्ष असे दोनच मानले आहेत. आक्षेप वजनदार आहे, परंतु तो शास्त्राच्या अंगापेक्षा त्याच्या सांगाड्याकडे अधिक पाहतो. न्यायशास्त्राने कथेचे तीन प्रकार सांगितले: तत्त्वनिर्णयासाठी चालतो तो वाद, जिंकण्यासाठी चालतो तो जल्प, आणि स्वतःची काहीच बाजू न मांडता दुसऱ्याची खोडून काढावयाची ती वितंडा. भेद माणसांच्या संख्येवर केलेला नाही, हेतूवर केलेला आहे. चौदाव्या शतकातील ‘सर्वदर्शनसंग्रह’ या ग्रंथात माधवाचार्यांनी सोळा दर्शनांचा परामर्श घेतला, आणि आरंभ केला तो चार्वाकापासून, म्हणजे जो वेदान्त्यास सर्वांहून अप्रिय त्याच्यापासून. चार्वाकास किती अनुयायी उरले आहेत याची मोजदाद त्यांनी आधी केली नाही. जे मत खोडावयाचे ते मत आधी पुरते मांडावयाचे, ही आपल्याकडील वादाची शिस्त आहे. महाविद्यालयीन वादस्पर्धांतून ‘बाजूने’ आणि ‘विरुद्ध’ असे दोन कप्पे आम्ही मास्तर मंडळी मुलांस आखून देतो, ती सोय परीक्षकांच्या गुणपत्रिकेची आहे. तीत विषयाचा स्वभाव शोधू नये.

दोघांच्या वादात काय हरवते, याचा दाखला आमच्या गावाच्या उशालाच आहे. लोणारचे सरोवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या विवरात वसले आहे. हे विवर झाले कसे? पुराणाने लवणासुराची कथा सांगितली, आणि दैत्यसूदनाचे देखणे मंदिर तिची साक्ष देत गावात उभे आहे. पुढे एकोणिसाव्या शतकात भूगर्भशास्त्रज्ञ आले, आणि त्यांच्यात दीर्घकाळ वाद चालला. हे विवर ज्वालामुखीच्या स्फोटाने झाले, असे काही म्हणत. खालचा आधार जाऊन भूमी खचल्याने झाले, असे दुसरे म्हणत. वाद प्रामाणिक होता, वादी विद्वान होते. पण उभय पक्षांस एक गोष्ट समान मान्य होती, आणि मान्य असल्यामुळेच ती कोणी बोलून दाखवीत नव्हते: विवराचे कारण जमिनीच्या खाली आहे. कारण वरून, आकाशातून आले असेल, हे तिसरे मत १९६४ साली प्रश्नचिन्हासह मांडले गेले. पुढे खोल छिद्रे घेऊन काढलेल्या खडकांत, प्रचंड आघाताच्या दाबानेच घडते असे स्फटिकांचे काचेसारखे रूपांतर आढळले, आणि १९७३ साली तो पुरावा प्रसिद्ध झाल्यावर उल्कापाताचे मत प्रस्थापित झाले. पहिल्या दोघांपैकी कोण बरोबर, एवढाच प्रश्न शतकभर विचारीत राहिलो असतो, तर उत्तर कधीच सापडले नसते.

राजकारणात खडकासारखा निर्णायक पुरावा मिळत नाही, हे खरे. पण म्हणूनच तेथे अबोल गृहीतकांची भीती अधिक असते. २०२४ मध्ये बुलढाण्यात पहिल्या दोन क्रमांकांचे उमेदवार एकाच पक्षाच्या दोन शकलांचे होते. २०२२ साली शिवसेना फुटली, २०२३ च्या फेब्रुवारीत आयोगाने नाव व धनुष्यबाण एका गटास दिला, आणि खरी शिवसेना कोणती हा प्रश्न प्रचारात साहजिकच अग्रभागी आला. तो प्रश्न क्षुद्र नव्हे; पक्षनिष्ठा व पक्षांतर यांचा विचार लोकशाहीत अवश्य व्हावा. परंतु सोयाबीन आणि कापूस यांच्या भावासाठी केलेल्या आंदोलनांमुळे ज्याचे नाव घरोघर पोहोचले तो अपक्ष उभा राहिला, तेव्हा निवडणूक कशाविषयी आहे हाच मुळी वादाचा विषय झाला. अशा तिघांस एका व्यासपीठावर आणून परस्परांस प्रश्न विचारावयास लावले असते, तर तिघांचीही कसोटी लागली असती, आणि त्या तिसऱ्याची तर विशेषच. कारण भाव मागणे निराळे, आणि तो कोणत्या तिजोरीतून व कोणत्या कायद्याने द्यावयाचा हे सांगणे निराळे. तिसऱ्यास मंडपाबाहेर ठेवण्यात त्याची हानि होते असे आपण समजतो. प्रत्यक्षात पुष्कळदा त्याचा त्यात बचावच होतो. ज्यास कोणी प्रश्न विचारीत नाही त्यास उत्तरही द्यावे लागत नाही.

मंडपाची उपमा आम्ही सहज योजिली नाही. डिसेंबर १८९५ मध्ये पुण्यास राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले, तेव्हा तिच्याच मंडपात सामाजिक परिषद भरविण्याची जी वहिवाट होती तिला कडवा विरोध झाला, आणि न्यायमूर्ती रानड्यांस परिषद अन्यत्र भरवावी लागली. आधी राजकीय की आधी सामाजिक, हा त्या काळचा ‘मुख्य’ वाद म्हणून आपण शाळेत शिकतो. पण त्या वादाच्या दोन्ही बाजूंस बहुतेक एकाच थरातील सुशिक्षित मंडळी होती. त्याआधी दहा वर्षे, १८८५ साली, मराठी ग्रंथकारांच्या सभेचे निमंत्रण जोतीराव फुल्यांस गेले असता, जे सर्वांचे मानवी हक्क उघडपणे मान्य करीत नाहीत त्यांच्याशी आमचे जुळावयाचे नाही, अशा आशयाचे पत्र लिहून त्यांनी ते परत केले होते. मंडप कोणाचा यावर दोघे भांडत असता, मंडपच आमचा नाही असे म्हणणारा हा तिसरा होता, आणि त्याचे म्हणणे मुख्य वादात यावयास पुढील अर्धशतक जावे लागले. १९४६ साली डॉ. आंबेडकरांस घटना समितीवर मुंबई प्रांतातून मार्ग मिळाला नाही. ते बंगालमधून निवडून गेले. त्या समितीने पुढे मसुद्याचे काम ज्या हाती सोपविले, तो मनुष्य दारातूनच परतला असता तर केवढी हानि झाली असती, याचा विचार तिसऱ्यास ‘इतर’ म्हणणाऱ्यांनी क्षणभर करावा.

वादसभेची प्रथा जेथे जुनी आहे त्या अमेरिकेचा अनुभवही बोधप्रद आहे. १९८० साली जॉन अँडरसन या अपक्षास स्त्री-मतदारांच्या संघटनेने सभेस बोलाविले, तेव्हा अध्यक्ष कार्टर त्या सभेस आलेच नाहीत. रेगन व अँडरसन दोघेच बोलले. १९८७ साली दोन मोठ्या पक्षांच्या प्रमुखांनी मिळून या सभांसाठी एक मंडळ स्थापिले. १९९२ मध्ये रॉस पेरो या तिसऱ्यास सभेत घेतले गेले व त्यास शेकडा १९ च्या आसपास मते पडली. १९९६ मध्ये, जिंकण्याची वास्तव शक्यता नाही म्हणून, त्याच पेरोस वगळले गेले. २००० पासून नियम झाला की, लोकमताच्या पाहणीत ज्यास शेकडा १५ चा पाठिंबा असेल त्यालाच आत घ्यावे. नियम वरकरणी निःपक्षपाती आहे. पण लोकांनी ऐकल्यावाचून पाठिंबा वाढत नाही, आणि पाठिंबा असल्यावाचून लोकांस ऐकू येत नाही; तेव्हा पोहता आल्याखेरीज पाण्यात उतरू नको, अशातलाच हा प्रकार! मिनेसोटा राज्यात १९९८ साली हा बांध घातला गेला नाही. जेसी व्हेंचुरा या तिसऱ्या उमेदवारास सर्व सभांतून घेतले गेले, आणि पाहणीत फार मागे असलेला तो मनुष्य शेकडा ३७ मते मिळवून राज्यपाल झाला. तो कारभारी म्हणून कसा निघाला हा प्रश्न वेगळा. पाहणीस जे कळले नव्हते ते सभेने उघड केले, एवढे येथे पुरे.

आता दुसऱ्या बाजूचे सर्वांत बळकट म्हणणे ऐकावे. सर्वांस आत घेतले तर सभा राहणार नाही, बाजार होईल. २०१९ मध्ये तेलंगणातील निजामाबादेत हळदीच्या भावासाठी शेतकऱ्यांनी अर्जांचा पाऊस पाडला व एका जागेस १८५ उमेदवार उभे राहिले. त्यांची वादसभा कोण कशी भरविणार? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही १९९८ साली फोर्ब्स नामक उमेदवाराच्या खटल्यात, कोणास बोलवावे हा विवेक सार्वजनिक प्रक्षेपणसंस्थेस आहे, असा बहुमताने निर्णय दिला. श्रोत्याचा वेळ मर्यादित आहे, आणि निवड ही करावीच लागते, हे आम्हांस मान्य आहे. साहित्याच्या मासिकासही आलेले सर्व लेख छापता येत नाहीत. परंतु मासिकात कोणाचा लेख यावा हे जर त्याच मासिकात लिहिणारे दोन प्रतिष्ठित लेखकच ठरवू लागले, तर त्यास आपण संपादन म्हणू काय? आमचा आक्षेप निवडीस नाही; निवडीचा मापदंड स्पर्धकांच्याच हाती असण्यास आहे. आणि सात जण बोलले म्हणजे गोंधळच होतो असेही नाही. ब्रिटनमध्ये २०१५ साली सात पक्षांचे नेते एका सभेत उभे राहिले, आणि श्रोत्यांस कोण काय म्हणतो हे नीट कळले.

तेव्हा मार्ग काढणे अशक्य नाही. मापदंड अर्ज भरण्यापूर्वी जाहीर व्हावा, आणि तो ज्यांस निवडणुकीत उभे राहावयाचे नाही अशांनी ठरवावा. त्यात मागील मतांबरोबरच मतदारसंघातील तालुक्यातालुक्यांतून मिळविलेल्या मतदारांच्या सह्यांसही स्थान असावे, म्हणजे नव्या मनुष्यास पाय रोवण्यापुरती तरी जागा राहील. पहिल्या बैठकीत शक्य तितक्यांस थोडा थोडा सारखा वेळ द्यावा. पुढील बैठकीत संख्या कमी करावयाची तर ती करावी. यास दिल्लीची वाट पाहण्याचेही कारण नाही. १८७५ साली रानड्यांनी पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती कोणत्या कायद्याने नव्हे. लोणार, मेहकर, चिखली, खामगाव येथे वाचनालये आहेत, महाविद्यालये आहेत, आणि उन्हाळ्याच्या संध्याकाळी दोन तास स्वस्थ बसून ऐकणारी कुटुंबेही आहेत. मोठे उमेदवार येणार नाहीत, अशी भीती घातली जाईल. न येवोत. आलेल्यांची सभा भरवावी, आणि न आलेल्यांची नावे तेवढी वाचून दाखवावीत.

कारण वादसभेत बोलण्याचा हक्क हा उमेदवाराचा हक्क आहे, असे समजून आपण आजवर भांडत आलो. तो मुख्यतः ऐकणाराचा हक्क आहे. मतदानयंत्रावर मतदारापुढे सर्व नावे ठेवण्याची काळजी कायद्याने घेतली, कारण निवड करणारास पर्याय दिसले पाहिजेत हे त्याने ओळखले. जे नाव दिसावयास हवे ते ऐकू यावयास नको, हे म्हणणे तर्कास धरून नाही. तिसऱ्याचे ऐकून घेतल्यानंतर त्यास नाकारावयास मतदार मुखत्यार आहे, आणि बहुधा तो नाकारीलही. मात्र ते नाकारणे मतदाराचे असावे; मंडपाच्या दाराशी उभे असलेल्या पहिल्या दोघांचे नसावे.